मान काळी, मान सैल, मान आखडलेली : क्रीम, मशीन की ऑपरेशन?

निकाहाची तारीख ठरली की घरात कपडे, दागिने आणि वलीम्याच्या चर्चेत आणखी एक विषय हळूच निघतो. नवरीची मान चेहऱ्यापेक्षा काळी दिसतेय. अम्मीच्या हनुवटीखालचं मांस लोंबतंय, फोटोत कसं दिसेल? बारामती-नीरा रस्त्यावरचं कोऱ्हाळे बुद्रुक असो, वडगाव निंबाळकर असो की सोमेश्वरनगर, मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे आणि त्यावरच्या जाहिराती सगळीकडे सारख्याच आहेत. ‘ऑपरेशनशिवाय मान घट्ट’, ‘तासाभरात डबल चिन गायब’, ‘सात दिवसांत मान गोरी’. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चाकू लावायचा नाही, मशीनने होत असेल तर करू. दुसरा म्हणतो, एकदाच ऑपरेशन करून मोकळं व्हावं.

आमचं म्हणणं असं की दोन्ही पक्षांनी एक पायरी गाळलेली असते. ‘कापायचं की नाही’ हा दुसरा प्रश्न झाला. मानेला नेमकं काय झालंय, हा पहिला. रंग बदललाय, चरबी साठलीय, कातडी सैल झालीय, स्नायूच्या दोऱ्या दिसतायत, की आत गाठ आहे? ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात आणि मान होती तशीच राहते. कधी कधी आतला मोठा आजार लपून राहतो, ते नुकसान पैशांपेक्षा मोठं.

मानेत बदलतं काय?

मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ असते. तिला घट्ट ठेवणारं कोलॅजन वयाबरोबर कमी होतं. कातडीखाली चरबीचा थर असतो. त्याच्या खाली हनुवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत पसरलेला एक पातळ, चादरीसारखा स्नायू असतो, त्याला प्लॅटिझ्मा म्हणतात. वय वाढलं की या चादरीच्या आतल्या कडा सुट्या होतात आणि मानेवर दोन उभ्या दोऱ्या दिसू लागतात. या स्नायूच्या खालीही थोडी चरबी असते आणि लाळेच्या ग्रंथी असतात, त्याही खाली सरकू शकतात. त्यामुळे ‘मान लोंबते’ हे एकच वाक्य असलं तरी त्यामागे चार कारणं असू शकतात.

वजन खूप कमी झालं तर चरबी जाते, पण ताणलेली कातडी मागे राहते. काहींची हनुवटी जन्मतःच मागे असते, त्यांना तरुणपणीच डबल चिन दिसते. तंबाखू, मिश्री आणि ऊन यांनी कातडी लवकर सुरकुतते.

आरशासमोर पाच मिनिटं

दवाखान्यात जाण्याआधी घरीच या पाच गोष्टी करून पाहा. यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं.

१) रंग पाहा. मानेच्या मागे आणि बाजूला कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झालीय का? साबणाने घासून जात नाही ना? काखेतही तसंच आहे का? असेल, तर पुढचा ‘काळी मान’ हा भाग आधी वाचा.

२) हनुवटीखाली चिमटा घ्या. बोटांत जाड, मऊ गोळा आला तर चरबी आहे. पातळ कातडीच आली आणि सोडल्यावर हळूहळू जागेवर गेली, तर कातडी सैल आहे.

३) दात घट्ट मिटून ओठ खाली आणि बाजूला ताणा. मानेवर दोन उभ्या दोऱ्या उठल्या तर स्नायूचा भाग आहे.

४) दोन्ही कानांमागची कातडी बोटांनी हलकेच मागे ओढा. तेवढ्याने मान छान दिसू लागली तर मूळ प्रश्न सैल कातडीचा आहे.

५) मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. घशाच्या पुढच्या भागात एखादा उंचवटा घोटाबरोबर वर-खाली झाला, तर थायरॉइडची तपासणी आधी. बाजूला कुठे गाठ लागत असेल आणि ती तीन आठवड्यांत गेली नसेल तर सौंदर्याचा विषय तिथेच बंद करून डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे मानेतल्या गाठीमागे क्षयरोग असू शकतो, जुने लोक त्याला गंडमाळा म्हणत. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या मानेतली गाठ तोंडाच्या कर्करोगाचीही असू शकते. क्षयरोगाचं निदान आणि औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत.

काळी मान : हा मळ नाही

आमच्या घरांत सगळ्यात जास्त बोललं जातं ते काळ्या मानेवर, आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते. मुलीला सांगतात, ‘नीट अंघोळ कर, मान घास.’ मुलगी बिचारी दगडाने, लिंबाने, खाण्याच्या सोड्याने घासते. घासण्याने कातडी आणखी जाड आणि काळी होते. सासर-माहेरचे टोमणे वेगळेच.

मखमलीसारखी काळी, जाड मान म्हणजे बहुतेक वेळा अकँथोसिस निग्रिकान्स. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग रक्तात इन्सुलिन वाढतं आणि ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतं. म्हणजे मान जे सांगतेय ते साखरेबद्दल आहे. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या अनेकांना काहीच त्रास होत नसतो. मान मात्र आधी बोलते.

म्हणून काळी मान दिसली तर पार्लरच्या आधी एचबीए१सी तपासणी करा. उपाशीपोटी जावं लागत नाही, दिवसात कधीही रक्त देता येतं. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसची शक्यता डॉक्टरांना विचारा.

उपाय? वजन कमी करणं, चालणं, गोड आणि मैदा कमी करणं, गरज पडली तर औषध. इन्सुलिन खाली आलं की काही महिन्यांत मान हळूहळू उजळते. त्याच्या जोडीला त्वचारोगतज्ज्ञ रेटिनॉइडसारखं क्रीम देऊ शकतात, पण ते गरोदरपणात चालत नाही. यात शस्त्रक्रियेचं काही काम नाही. साखर तशीच ठेवून नुसतं लेझर केलं तर पैसे जातील आणि रंग परत येईल.

काळेपणा फक्त हाराच्या रेषेत असेल आणि खाजत असेल तर खोट्या दागिन्यांतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. तो दागिना थांबवला की निम्मं काम होतं.

सात दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीमपासून मात्र लांब राहा. आपल्याच राज्यात अकोल्याच्या एका कुटुंबातल्या मायलेकींचं मूत्रपिंड स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममुळे बिघडलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा निघाला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही त्याच सुमारास गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंड बिघडलेले अनेक रुग्ण सापडले. पारा कातडीतून रक्तात जातो. पाकिटावर कंपनीचा पत्ता, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसेल तर ती डबी घरात आणू नका.

विनाशस्त्रक्रिया उपाय : कोण काय करू शकतं

आता सैल मान आणि डबल चिन. आधी चाकू न लावता होणारे उपाय पाहू.

बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे ज्याला लोक सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात. हे इंजेक्शन स्नायू सैल करतं. त्यामुळे मानेवरच्या उभ्या दोऱ्या कमी दिसतात. चरबी त्याने जात नाही, लोंबती कातडी उचलली जात नाही. मानेच्या दोऱ्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बोटॉक्सला मंजुरी दिली ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. असर साधारण तीन-चार महिने टिकतो. म्हणजे कायम ठेवायचं तर वर्षाला तीन-चार वेळा, दहा वर्षांत तीस-चाळीस वेळा. औषध चुकीच्या जागी किंवा जास्त गेलं तर गिळायला त्रास होतो, मान कमजोर पडते. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बायकांनी ते घेऊ नये.

चरबी विरघळवणारं इंजेक्शन, डीऑक्सिकोलिक आम्लाचं. अमेरिकेत त्याला २०१५ च्या एप्रिलमध्ये हनुवटीखालच्या चरबीसाठी मंजुरी मिळाली. महिन्यापेक्षा कमी अंतराने घ्यायचं नाही आणि सहापेक्षा जास्त वेळा घ्यायचं नाही, असा नियम आहे. काही दिवस चांगलीच सूज येते. जबड्याजवळच्या नसेला धक्का लागला तर हसताना ओठ वाकडा होतो, बहुतेकांचा तो काही आठवड्यांत सरळ होतो. कातडी आधीच सैल असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. नकली आणि विनापरवाना ‘फॅट डिझॉल्व्हिंग’ इंजेक्शनांबद्दल अमेरिकेच्या याच प्रशासनाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोकांना इशारा दिला. जंतुसंसर्ग, व्रण आणि गाठी झाल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. ऑनलाइन मागवून पार्लरमध्ये टोचून घेण्याचा हा प्रकार नाही.

अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रीक्वेन्सी मशीन. ही कातडीच्या आत उष्णता देतात, त्याने जुनं कोलॅजन आकसतं आणि नवं तयार होतं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. थोडीशी सैल मान थोडीशी घट्ट होते, एवढीच अपेक्षा ठेवावी. हातात धरता येईल इतकी कातडी लोंबत असेल तर कुठलंही मशीन ती गायब करू शकत नाही. जास्तीची कातडी काढायला ती कापावीच लागते, हे गणित जाहिरातीत सांगत नाहीत. अडाणी हातात मशीन गेलं तर चटका बसतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

चरबी गोठवणारं मशीन. यात थंडीने चरबीच्या पेशी मारतात. पण क्वचित उलटं होतं, चरबी कमी होण्याऐवजी त्या जागी कठीण होऊन वाढते. कॅनडाची प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ साली जाहीरपणे सांगितलं की तिच्या बाबतीत हेच झालं, आणि ते काढायला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. चाकू टाळायला मशीनकडे गेलेली बाई शेवटी चाकूखालीच आली.

दोरे, म्हणजे थ्रेड लिफ्ट. कातडीखाली विरघळणारे दोरे घालून ओढ देतात. मान सतत वळत असते, त्यामुळे ओढ लवकर ढिली पडते. खड्डे पडणं, दोरा वर येणं, पू होणं असे त्रास होऊ शकतात.

थोडक्यात, ‘ऑपरेशन नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही. धोका लहान असतो, फायदाही लहान असतो आणि खर्च पुन्हा पुन्हा येतो.

शस्त्रक्रिया : फायदा मोठा, जबाबदारीही मोठी

लायपोसक्शन. हनुवटीखाली किंवा कानाजवळ काही मिलिमीटरचे छेद घेऊन नळीने चरबी ओढतात. भूल बहुतेक वेळा तेवढ्या भागापुरती पुरते. ज्याची चरबी जास्त पण कातडी अजून घट्ट आहे, अशा तरुण माणसाला हे चांगलं. नंतर काही दिवस पट्टा बांधावा लागतो.

प्लॅटिझ्माप्लास्टी. हनुवटीखाली छेद घेऊन स्नायूच्या सुट्या कडा शिवतात. उभ्या दोऱ्यांचं हे जास्त टिकाऊ उत्तर.

नेक लिफ्ट. कानाभोवती आणि कानामागे छेद घेऊन कातडी मोकळी करतात, मागे ओढतात आणि जास्तीची कापून काढतात. बहुतेक वेळा स्नायूही शिवतात. काही तास लागतात, पूर्ण भूल किंवा झोपेचं इंजेक्शन लागतं. निळं-काळं होणं आणि सूज दोन आठवडे, जड उचलणं तीन-चार आठवडे बंद, कानाजवळचा बधिरपणा काही महिने. फायदा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. वय थांबत नाही, पण घड्याळ मागे गेलेलं असतं.

धोके स्पष्ट सांगतो. सगळ्यात मोठा म्हणजे कातडीखाली रक्त साठणं. ते बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतं आणि लगेच टाके उघडून काढावं लागतं. रक्तदाब जास्त असेल तर शक्यता वाढते. म्हणून पुण्यात ऑपरेशन करून त्याच रात्री एसटीने किंवा गाडीने कोऱ्हाळ्याला परत यायचं, हा बेत चुकीचा. पहिली रात्र दवाखान्यात किंवा निदान त्याच शहरात काढा. याशिवाय नसेला इजा, जंतुसंसर्ग आणि व्रण जाड होणं हेही आहे. ज्यांच्या अंगावर कान टोचल्याच्या जागी किंवा जखमेवर आधी केलॉइड, म्हणजे फुगीर व्रण, आला असेल त्यांनी ते आधीच सांगावं.

एक गोष्ट आमच्या घरांतल्या बायका डॉक्टरांपासून लपवतात, ती म्हणजे मिश्री. मिश्रीही तंबाखूच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेली कातडी कानामागे काळी पडून मरू शकते. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळं निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर बंद. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, म्हणून तीही आधी. रक्त पातळ करणारी गोळी, हकीमसाहेबांचं युनानी औषध, काढा, लसणाच्या कॅप्सूल, जे काही चालू असेल ते सगळं सांगा.

मग निवडायचं कसं?

काही उदाहरणं घेऊ.

समजा २० वर्षांची मुलगी आहे, मान काळी, वजन जास्त. तिला मशीनही नको, चाकूही नको. एचबीए१सी, वजन आणि त्वचारोगतज्ज्ञ, याच क्रमाने. लग्नाला दोन महिने उरले असतील तरी घाईने केमिकल पील करून भाजून घेऊ नये.

समजा ३० वर्षांचा तरुण आहे, वजन बरोबर, कातडी घट्ट, पण हनुवटीखाली गोळा. लायपोसक्शन किंवा चरबीचं इंजेक्शन, दोन्ही चालतं. एकदाच करायचं तर पहिलं, चाकू नकोच असेल तर दुसरं. हनुवटी मागे असेल तर डॉक्टर त्याबद्दलही बोलतील.

समजा ४० वर्षांच्या आपा आहेत, किंचित सैलपणा, हलक्या दोऱ्या. इथे मशीन आणि बोटुलिनम काही काळ काम करू शकतात. न केलं तरी काही बिघडत नाही.

समजा ५५ वर्षांच्या खाला आहेत, वीस किलो वजन उतरवलंय, कातडी हातात येते. इथे मशीनवर पैसे घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. नेक लिफ्ट किंवा काहीच नाही, असे दोनच खरे पर्याय. वजन निदान सहा महिने स्थिर राहू द्या, मग निर्णय.

आणि ‘काहीच नाही’ हाही सन्मानाचा पर्याय आहे. दादी-नानीच्या मानेवरच्या वळ्या हा आजार नाही.

भाजलेली, आखडलेली मान : इथे उशीर नको

मानेच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती भाजलेली मान. स्टोव्ह, चूल, उकळतं पाणी किंवा कारखान्यातली वाफ, यांनी मान भाजली की जखम भरताना कातडी आकसते. हनुवटी छातीकडे ओढली जाते, मान वर होत नाही, तोंड नीट मिटत नाही. इथे शस्त्रक्रिया आणि विनाशस्त्रक्रिया यांचा क्रम ठरलेला आहे. जखम भरत असतानाच मानेला आधाराचा पट्टा, फिजिओथेरपी आणि नंतर दाबाचे कपडे व सिलिकॉन, हे महिनोन्‌महिने नेटाने केलं तर आखडणं बरंच टळतं. झोपताना जाड उशी घेऊ नये, मान मागे ताणलेली राहावी. एकदा मान घट्ट आखडली की मग मलम-मालिश पुरत नाही. आखडलेली कातडी सोडवून तिथे दुसरीकडची कातडी लावावी लागते.

लेकी-सुना भाजल्यावर घरात कोंडून ठेवण्याचा आणि ‘नशीब’ म्हणण्याचा प्रकार बंद झाला पाहिजे. पुण्याच्या ससून रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथून पुढची चिठ्ठी घेता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

शरियत, विमा आणि कर : रेष एकच

‘हे जायज आहे का?’ हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात असतोच. फतवा देणं हे आमचं काम नाही, तो आपल्या भरवशाच्या मुफ्तींकडून घ्यावा. पण उलमांच्या चर्चेचा गाभा सांगता येतो. बिघडलेलं पूर्ववत करणं वेगळं आणि निरोगी शरीर केवळ शौकापोटी बदलणं वेगळं. हजरत अरफजा बिन असअद यांचं नाक लढाईत कापलं गेलं होतं. चांदीचं नाक लावल्यावर दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा सोन्याचं लावण्याची परवानगी मिळाली, ही रिवायत या चर्चेत नेहमी येते. २००७ साली मलेशियातल्या पुत्रजाया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने याच धर्तीवर निर्णय दिला. जन्मजात दोष, अपघात, भाजणं, आजार यांवरच्या शस्त्रक्रियेला मुभा, आणि फक्त म्हातारपणाच्या सुरकुत्या लपवण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. काही उलमा गंभीर मानसिक त्रासाचाही विचार करतात, म्हणून आपली परिस्थिती पूर्ण सांगून विचारावं.

गंमत अशी की दुनियेच्या कायद्यानेही रेष तिथेच ओढली आहे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना चालते. जीएसटीतही दवाखान्याच्या सेवेला जी सूट आहे ती सौंदर्य-शस्त्रक्रियेला नाही, जन्मजात दोष किंवा इजा दुरुस्त करणारीला आहे.

आणि ही दुरुस्तीची विद्या परकी नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तांत छापून आला. म्हैसूरच्या युद्धात नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याला पुण्याकडच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं होतं. तो वाचून युरोपातल्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. ती शस्त्रक्रियाही दुरुस्तीचीच होती.

इबादतीच्या दोन व्यावहारिक गोष्टी. नेक लिफ्टनंतर सुरुवातीचे दिवस डोकं खाली झुकवायचं नसतं, तेव्हा नमाज बसून इशाऱ्याने पढण्याची सवलत घ्यावी. पट्टी भिजवायची नसेल तर गुस्लमध्ये पट्टीवर ओला हात फिरवण्याचा मसला मौलानांना विचारून घ्या. आणि ऑपरेशन रमजानच्या तोंडावर ठेवू नका, औषधांच्या वेळा सांभाळायला अवघड जातं.

डॉक्टर पारखून घ्या

‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे डॉक्टरकीची पदवी नव्हे. शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेला सर्जन हवा, इंजेक्शन आणि मशीनसाठी नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. केस प्रत्यारोपणात अप्रशिक्षित लोक हात घालू लागले, तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सूचना काढून बजावलं की यूट्यूब पाहून अशी कामं शिकता येत नाहीत. मानेलाही तेच लागू आहे.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या :

- माझा मूळ प्रश्न कोणता, रंग, चरबी, कातडी की स्नायू?
- या उपायाने काय होणार नाही?
- एकूण किती वेळा यावं लागेल आणि सगळ्याचा मिळून खर्च किती?
- औषधाची बाटली माझ्यासमोर उघडाल का, तिचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून द्याल का?
- रात्री दोन वाजता सूज वाढली तर फोन कोण उचलणार?
- ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ असणार का?

बायकांनी महिला डॉक्टर किंवा तपासणीच्या वेळी महिला परिचारिका मागावी, तो तुमचा हक्क आहे. सोबत घरातलं एक माणूस असू द्या. ‘आजच पैसे भरा, उद्या ऑफर संपेल’ असं कोणी म्हणालं तर उठून बाहेर या. मानेसाठी बचत गटाचं कर्ज किंवा सोनं गहाण हा विचार तर मनातही आणू नका. भाजलेली मान सोडवायला योजना आहेत, सैल मान मात्र थांबू शकते.

लग्न तोंडावर असलेल्या घरांना शेवटी एवढंच सांगतो : मंडपाची सुपारी देण्याआधी एकदा सगळ्यांची एचबीए१सी करून घ्या. अब्बांची, अम्मीची आणि नवरीचीही. फोटोतली मान एक दिवस दिसते, साखरेचा हिशोब मात्र आयुष्यभर चालतो.